आधी कोणी हसायचं

दिल्लीत द्वारकेहून सुटणाऱ्या मेट्रोचं दार मिटता मिटता तो आत शिरला, आणि रसिकाने झटकन मान खिडकीकडे वळवली. बाहेर अंधारून आलं होतं, त्यामुळे काचेत नेमका तोच दिसत होता. कुरळे केस, खांद्याला काळी बॅग आणि ओठांवर येऊन अडलेलं हसू.

रसिका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तिच्याकडे येणारी मुलं बहुतेक कॉलेजातली, आपण इथे येतो हे कुणाला कळू नये म्हणून जपणारी. म्हणून तिच्या कामात एक नियम होता. बाहेर गाठ पडली, तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. समोरचा हसला, तरच हसायचं.

आणि याला तर तिने क्लिनिकमध्येच पाहिलं होतं. भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसलेला. शेजारच्या खोलीतल्या सुहासिनी मॅडमचा नवा पेशंट असणार. बिचाऱ्याला झोप लागत नसेल...

मग रोजच तो डब्यात दिसू लागला. तो तिच्याकडे बघायचा, ती काचेत त्याच्याकडे. पेशंट नसता, तर — हा विचार ती उतरताना डब्यातच ठेवून यायची. असल्या बाबतीत 'तर'ला जागा नसते.

शेवटी तोच बोलला. "सगळ्यांनाच असं टाळता, की माझ्यावर खास राग आहे?"

"तुम्ही मराठी?"

"तुम्ही फोनवर आईशी भांडता ना, तेव्हा अख्ख्या डब्याला कळतं तुम्ही मराठी आहात ते."

रसिका लाजली. मग आवाज हळू करून म्हणाली, "आता... बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय?"

"क्लिनिकमध्ये डोळे मिटून बसला होतात."

तो इतका मोठ्याने हसला, की समोरच्या आंटीजी दचकल्या. "अहो, ऐकत होतो! मी यशोधन. साउंडप्रूफिंग करतो. खोल्यांतला आवाज बाहेर किती येतो ते बघायला मॅडमनी बोलावलं होतं."

"म्हणजे तुम्ही पेशंट नाही?"

"नाही. व्हावं लागेल का?"

"नको!" ती जरा जास्तच घाईने म्हणाली.

तो हसायचा थांबला. "तुमच्या खोलीत एक मुलगी बोलत होती. शब्द कळायला लागले, तसा मी उठून बाहेर गेलो. पण ती कुजबुजतच होती, हो. भिंत पातळ आहे हे तिला कळलंय."

ती मुलगी मन मोकळं का करत नाही, याची कितीतरी कारणं रसिकाने शोधली होती. भिंतीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

रसिकाच्या खोलीच्या भिंतींचं काम संपलं, त्या रविवारी यशोधन दाराबाहेर उभा राहिला. "दार लावा. आत काहीही बोला, मोठ्याने."

रसिका बोलली. अगदी मोठ्याने.

दार उघडून तो म्हणाला, "काही ऐकू आलं नाही."

तिला हायसं वाटलं... आणि थोडं वाईटही.

"आता मी आत, तुम्ही बाहेर."

तिने दाराला कान लावला. काहीच नाही. तो बाहेर आला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणालात?"

"बहुतेक... तुम्ही म्हणालात तेच."

सोमवारी ती मुलगी पहिल्यांदाच हुंदके देऊन रडली, मग भडाभडा बोलली. बाहेर बाकावर बसलेल्यांना फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

संध्याकाळी मेट्रोचं दार मिटता मिटता यशोधन आत शिरला. रसिका खिडकीकडे वळली नाही. आज ती आधी हसली.