पटावरच्या घड्याळाचा काटा

ऐकीव गोष्टी मी सांगत नाही. गोपाल माझा सख्खा मावसभाऊ आहे, खामगावात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि हे सगळं याच उन्हाळ्यात, भर दुपारी घडलेलं आहे.

गोपालकडे त्याच्या वडिलांचं जुनं क्रोनोग्राफ घड्याळ होतं. बाजूचं बटण दाबलं की लांब काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, तसलं. मधे कुणीतरी त्यात भलताच काटा आणि भलतंच बटण बसवलं होतं. गोपालच्या ते डोळ्यात खुपायचं. त्याला त्याच सालचे, त्याच बनावटीचे भाग हवे होते. याबाबतीत तो महाहट्टी.

शोधता शोधता पिंपळगाव राजाच्या कौशल्याबाईंचा पत्ता लागला. त्यांचे मालक शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, अगदी तसल्याच घड्याळावर वेळ मोजायचे. एका पटात जोडी उधळली आणि थेट त्यांच्या अंगावर गेली.

काटा चालूच होता. थांबवायला माणूस उरला नाही.

बाईंनी ते चेपलेलं घड्याळ गोपालच्या हातात अक्षरशः कोंबलं.

"पैसे किती देऊ, काकू?"

"काही नको. फक्त काटा फिरला का बटन दाबजा. लगेच दाबजा."

"काऊन?"

बाईंनी दार लावून घेतलं.

गोपालनं ते मनावर घेतलं नाही. काटा आणि बटण वडिलांच्या घड्याळात बसवलं. घड्याळ असं देखणं झालं की मुलीला, रेणुकाला, तो ते उठसूट दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता सामसूम होता.

लांबून आवाज आला...

छन्... छन्... छन्...

बैलांच्या गळ्यातली घुंगरं.

गोपालनं बाहेर डोकावलं. चिटपाखरू नव्हतं. वळून बघतो तर... लांब काटा धावत होता.

कुणीही बटण दाबलेलं नव्हतं.

त्यानं दाबलं. घुंगरं जागच्या जागी थांबली.

मग हे रोजचंच झालं. रोज आवाज जवळ. आधी चौकात, मग शेजारच्या मेडिकलपाशी, मग ओट्याला लागून. मेडिकलवाल्याला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

शेवटी गोपालनं काटा आणि बटण काढून डबीत टाकले. सुटलो, असं वाटलं त्याला.

त्या दुपारीही घुंगरं आली...

आणि दाबायला बटणच नव्हतं!

आवाज ओटा ओलांडून आत आला. टेबल थरथरलं. धुळीचा वास आला. मानेवर गरम फुसकारा... गोपालनं बटण कसंबसं परत खोचलं आणि दाबलं.

सगळं शांत. फरशीवर माती सांडली होती.

तो तसाच पिंपळगावला गेला. कौशल्याबाईंनी घड्याळाकडे पाहिलंही नाही.

"इतके वर्सं मीच दाबलं, बाबू. दुपारी कधी पाठ टेकली नाही. आता झोप लागते मले. मी नाही घेत."

मला त्या बाईचा फार राग येतो. पण तिच्या जागी मी असतो तर परत घेतलं असतं का? नसतं घेतलं.

तेव्हापासून गोपाल दुपारभर बटणावर अंगठा ठेवून बसायचा.

सुट्ट्या संपत आल्या तेव्हा त्याला ताप चढला. बसल्या जागी डोळा लागला. दचकून उठला तर दुकानात धूळच धूळ. समोर रेणुका उभी, मुठीत घड्याळ. काटा थांबलेला.

"बाबा, मी दाबलं. तुम्ही उठूनच नाही राह्यले होते. बैल माह्या तोंडाजवळ आले होते."

तिला कुशीत घेऊन गोपाल ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अंगठा ठेवून बसला. काटा हलला नाही. घुंगरं आली नाहीत. पहिल्यांदाच...

तेवढ्यात दुकानामागच्या घरातून रेणुकाची किंकाळी आली.

"बाबा, दाबा न! येऊन राह्यले ते!"

तो बटण दाबत राहिला. काहीच होईना. शेवटी तिनं त्याच्या हातातून घड्याळ ओढून घेतलं, दाबलं, तेव्हा कुठे तिचं ओरडणं थांबलं.

आता शाळा उघडली आहे. रेणुका सातवीत आहे. घड्याळ दप्तरात नाही, मुठीत नेते.

वर्गात कुणी शिक्षकानं ते काढून घेऊ नये, एवढंच आम्ही रोज देवाजवळ मागतो.