फॉरमॅट मारायचा नाही

"फॉरमॅट मारा. दुसरा इलाज नाही," राजारामपुरीतल्या दुकानातला माणूस म्हणाला.

मी शेजारीच उभी होते. कॉलेजच्या लॅबसाठी दोन माऊस घ्यायला आलेली, ओढणीचं पाणी पिळत. ज्याला तो हे सांगत होता त्याच्या गळ्यात शिट्टी होती आणि काखेत सीपीयू – भिजू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेला.

"फॉरमॅट मारला तर माझ्या आत्याचं भरतकामाचं सॉफ्टवेअर जाईल हो," तो म्हणाला. "ती कंपनीच बंद पडली. सीडी सापडत नाही. आणि शुक्रवारी माझ्या पंधरा पोरींच्या जर्सीवर बिल्ले हवेत... खो-खोच्या राज्य स्पर्धेला निघाल्यात."

"मग नवीन सॉफ्टवेअर घ्या."

"आत्या साठीची आहे. नवीन शिकेपर्यंत स्पर्धा संपेल."

मला राहवलं नाही. "पावणं, उंदीर शिरला म्हणून कोण घर पाडतंय व्हय?"

तो वळला. पापण्यांवर पावसाचे थेंब तसेच होते. "तुम्ही उंदीर पकडता?"

"पकडतो की. कॉलेजात साठ कॉम्प्युटर सांभाळतो मी."

आमच्या कागलकडच्या पोरी 'सांभाळते' म्हणत नाहीत, 'सांभाळतो'च म्हणतात. तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर बारीक खळी पडली. ती मी बघायला नको होती, पण... बघितली.

त्याचं नाव शार्दूल. कळंब्याच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. त्याच संध्याकाळी पाच वाजता मी त्याच्या घरी पोचले. दार त्याच्या आत्यानं उघडलं. सगळे तिला आक्का म्हणायचे. शार्दूलला तिनंच लहानाचा मोठा केलेला. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही पोर दुरुस्त करणार?"

"करतो, आक्का. आधी इंटरनेटची वायर काढा."

कॉम्प्युटर चालू केला की ब्राउझर आपोआप उघडायचा. त्यात कुठल्या तरी पत्त्यांच्या जुगाराचं पान. बंद करावं तर दोन नवी पानं. त्या गर्दीत आक्कांचं सॉफ्टवेअर मध्येच मान टाकायचं. मी सेफ मोडमध्ये शिरले, स्कॅन लावला. अकरा घाणेरड्या फायली सापडल्या. सगळ्या उडवल्या.

"कुणी काय नवीन डाउनलोड केलतं का? फुकटचं काय?" मी विचारलं.

"मला त्यातलं काय कळतंय? मी आपली दोरा ओवते," आक्का म्हणाल्या.

"नाही," शार्दूल म्हणाला. जरा घाईनेच.

वायर परत जोडली. पाच मिनिटं सगळं शांत. आक्कांनी भडंगाची वाटी पुढे केली, मी पहिला घास घेतला, आणि – पत्त्यांचं पान हजर!

"आलं की हे परत!" आक्का ओरडल्या.

"येऊ दे," मी म्हणाले. "मी बी येतो उद्या."

मंगळवारी मला त्या व्हायरसची एक वाट सापडली. रोज ठरलेल्या वेळी आपोआप चालू होणारं एक काम त्यानं विंडोजमध्ये लावून ठेवलं होतं. आपण फायली पुसायच्या, त्यानं गुपचूप नव्या आणायच्या. टेबलाखाली वाकून मी वायरी तपासत होते आणि शार्दूल मोबाइलचा उजेड धरून बसला होता. इतका जवळ, की त्याच्या शर्टाला मैदानावरच्या ओल्या मातीचा वास येत होता.

"हात हलतोय तुमचा," मी म्हणाले.

"पोरींना सांगतो, धावताना डोळे समोर ठेवा..." तो थांबला. "माझेच राहात नाहीत."

मी वर बघितलं नाही. पण कान गरम झाले, हे मला कळलं.

ते काम मी पुसून टाकलं. त्या संध्याकाळी सगळं नीट चाललं. आक्कांनी पहिला बिल्ला काढला – झेपावणारी घार, खाली खेळाडूचं नाव, 'राजवी'. संघातल्याच एका मुलीनं ती घार काढली होती म्हणे. कॉम्प्युटरला जोडलेलं भरतकामाचं मशीन टकटकत राहिलं आणि आम्ही दोघं शेजारी उभे राहून त्या घारीचा पंख भरताना बघत राहिलो. बाहेर झड लागली होती. मला निघायची घाई नव्हती... त्यालाही मला निघू द्यायची नसावी.

बुधवारी सकाळी त्याचा फोन. "तेजस्वी... ते पान परत आलंय."

चौदा बिल्ले राहिले होते. लॅबमध्ये सकाळभर माझं लक्ष लागलं नाही. आमचे वडील, आप्पा, गाय अडली की गोठा सोडत नाहीत. वासरू बाहेर येईपर्यंत जेवत नाहीत. तो हट्ट माझ्यातही उतरलाय. दुपारची सुटी टाकली आणि कळंबा गाठलं.

या वेळी मी स्कॅन लावलाच नाही. नुसत्या तारखा बघत बसले. कुठली फाईल कधी आली, एक-एक. सगळ्या घाणीचं मूळ एका फोल्डरमध्ये होतं. चित्राचं भरतकामात रूपांतर करून देणारं, फुकटचं काही तरी. दोन तारीख, रविवार, सकाळचे अकरा.

"आक्का, दोन तारखेला सकाळी तुम्ही हितं होता?"

"न्हाई बाई. दोरे आणायला इचलकरंजीला गेलते. शार्दूल होता की घरात."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता.

"मी विचारलं होतं तुम्हाला," मी म्हणाले. "सोमवारी. पहिल्याच दिवशी."

"हो."

"तीन दिवस हितं डोकं आपटतोय मी. तुमच्या पोरींसाठी! आणि तुम्ही–"

मी पर्स उचलली. दारापर्यंत गेले. चपलेत एक पाय घातलासुद्धा. मागनं त्याचा आवाज आला.

"पोरीनं घार इतकी सुंदर काढली होती... आक्का म्हणाली, एवढे बारीक टाके घालून बसवायला आठवडा लागेल. मला वाटलं, ती यायच्या आत आपण करून ठेवू. खूश होईल. पण त्या प्रोग्रामनं चित्र तर केलं नाहीच, वर हे सगळं झालं. शेवटी आक्कानं डोळे फोडून ती घार स्वतःच बसवली. कुठल्या तोंडानं सांगणार होतो तिला? आणि तुम्ही विचारलंत तेव्हा... तुमच्यासमोर मूर्ख ठरायचं नव्हतं."

"आता ठरलास की," आक्का म्हणाल्या. "दोन्हीकडनं."

मला हसू आलं. पण राग गेला नव्हता. मी चपलेतला पाय काढला आणि परत खुर्चीत येऊन बसले.

"ते फुकटचं आणखी कुठं टाकलं होतं?"

"आधी माझ्या लॅपटॉपवर. तिथं चालेना, म्हणून इथं."

"दोन्हीकडं ब्राउझर एकाच खात्यानं उघडता?"

"हो... का?"

मी कपाळावर हात मारला. "अहो, मग काय! हितनं मी काढतो, तुमचा लॅपटॉप ते परत हिकडं पाठवतो. खात्यातनं. आणा तो हिकडं!"

तो धावत गेला. खो-खोचा शिक्षक धावतो कसा, ते मी त्या दिवशी बघितलं.

दोन्ही मशीन शेजारी ठेवली. दोन्हीकडचं खातं बंद केलं. एकमेकांशी जुळवून घ्यायची सोय तोडली. मग फोल्डर, लपलेलं काम, ब्राउझरला चिकटलेलं ते लचांड – आधी लॅपटॉपवरनं, मग इथनं, सगळं उपटलं. शेवटी त्याला म्हणाले, "पासवर्ड बदला. मी तिकडं तोंड करतो."

"तुमच्यापासून आता काही लपवायचं नाहीये मला."

"पासवर्ड लपवायचाच असतो, सर. बाकीचं सांगायचं असतं."

तीनदा बंद करून चालू केलं. वायर जोडली. पाच मिनिटं. दहा. अर्धा तास झाला. आक्का देवापुढे बसावं तशा पडद्यापुढे बसल्या होत्या. काही म्हणजे काही उघडलं नाही.

"बसा शिवायला, आक्का," मी म्हणाले, आणि त्यांची खुर्ची मशीनकडे सरकवली.

गुरुवारी दुपारपर्यंत आक्कांनी पंधरा घारी पुऱ्या केल्या. मी दोरे कापले, शार्दूलनं जर्सीवर बिल्ले लावून इस्त्री फिरवली. एक बाही थोडी भाजलीही. तो माझ्याशी जपून बोलत होता. मी मुद्दामच कमी बोलत होते. त्याला थोडं जड जाऊ दे, असं वाटत होतं. पण त्यानं न सांगता माझ्या चहात साखर कमी घातली, तेव्हा माझा निश्चय जरा ढिला पडला.

शुक्रवारी बस निघायची होती. मला तिथं काही काम नव्हतं. तरीही मी शाळेच्या फाटकाशी स्कूटी लावली. पोरी जर्सी घालून खिडक्यांत कोंबल्या होत्या, छातीवर घारी. शार्दूलनं मला बघितलं आणि हातातली यादी तशीच दुमडून पावसात चालत आला.

"कॉम्प्युटर चांगला चाललाय," तो म्हणाला.

"ठाऊक हाय. सकाळी आक्कांना फोन केलता."

"म्हणजे आता तुम्हाला बोलवायला माझ्याकडं काही कारण नाही..." त्यानं शिट्टी मुठीत घट्ट धरली. "तेजस्वी, मी एकदा खोटं बोललो. ते घाबरून. हे खरं सांगतोय, आणि याची भीती त्याहून जास्त वाटतीय. मला तुम्ही आवडता. सोमवारपासून. दुकानातूनच. तुम्हाला नसेन आवडत तर–"

"थांबा की जरा!" मी म्हणाले. "सगळं एका दमात बोलायला काय स्पर्धा हाय?"

तो थांबला. बसमधल्या पोरी खिडक्यांतून आणखी बाहेर झुकल्या.

मला वाटलं होतं, मी काही तरी ठसक्यात बोलेन. पण निघालं ते भलतंच. "राग आलता मला," मी हळूच म्हणाले. "लई. घरी जाऊन जेवलो बी न्हाय. तवाच कळलं मला... परक्या माणसावर एवढा राग येत न्हाय."

ती खळी परत दिसली. या वेळी मी ती राजरोस बघून घेतली.

"सर, चला की!" आतून एक पोरगी ओरडली, आणि मग सगळ्याच हसत सुटल्या.

"स्पर्धा कधी संपतीय?"

"सोमवारी रात्री परत."

"मंगळवारी कागलला ये. आप्पांना भेटायला. संध्याकाळी धारा काढून झाल्या की ते निवांत असतात."

तो बघतच राहिला. मी त्याला पहिल्यांदाच 'ये' म्हणाले होते, आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं.

"येतो," तो म्हणाला. उलटा धावत गेला, पायरी चुकला, सावरला, आणि बस सुटली.

मी स्कूटीला किल्ली लावली. आप्पांना आजच सांगून टाकायचं होतं.