चित्रातल्या आईचा तळवा

भुताची गोष्ट म्हटलं की हसा, हसा. पण डीन, आधी ती खिडकी नीट लाव बाबा. वारा आज तसाच आहे... त्या रात्रीसारखा.

मेव्हिस लेडली माझ्या शेजारची. टेकडीवरच्या चित्रांच्या घराच्या, म्हणजे गावच्या चित्रसंग्रहालयाच्या, किल्ल्या तिच्याकडे असतात. गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार, रात्रीचे दहा वाजून गेलेले. तिथलं छत गळतं म्हणून ती बादली ठेवायला निघाली. खरं म्हणजे तिला घरात बसवत नव्हतं. गार्थ आणि कॉलिन, तिची दोन्ही पोरं, सकाळीच खेकड्यांचे पिंजरे उचलायला समुद्रात गेलेली. दुपारपासून होडीचा वायरलेस गप्प.

मी म्हटलं, "मेव्हिस, एवढ्या वादळात कुठे? बस, चहा टाकतो."

"तुझा चहा म्हणजे दुसरं वादळ, विल्फ," म्हणाली आणि गेलीसुद्धा.

काय गं जोसी? भूत कधी येणार? येईल, त्याला टेकडी तर चढू दे!

तिथल्या मोठ्या खोलीत एक चित्र आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, आपल्याच गावच्या माणसानं काढलेलं. गोष्ट मात्र ग्रीकांच्या जुन्या इतिहासातली. देवीच्या उत्सवाला आईला गाडीतून जायचं होतं आणि बैल काही वेळेवर येईनात. तेव्हा दोघा मुलांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं, गाडी ओढत आईला देवळात नेलं. आई इतकी सुखावली की हात उंचावून म्हणाली, देवी, माझ्या लेकरांना सगळ्यात चांगलं असेल ते दे. मुलं दमून देवळातच झोपली... ती उठलीच नाहीत. देवीनं हेच दिलं.

चित्रात मुलं निजली आहेत. आई हात उंचावून उभी. तिला अजून काही ठाऊक नाही.

मेव्हिसनं बादली ठेवली आणि दिवे गेले. तिनं टॉर्च लावली. उजेड नेमका त्या दोन निजलेल्या मुलांवर पडला. ती तिथेच गुडघ्यांवर बसली. आमच्या चॅपलमध्ये देवाकडे नेमकं काही मागणं म्हणजे आगाऊपणा; काय द्यायचं ते त्यानंच ठरवायचं. जन्मभर जे म्हणत आली, तेच तिच्या ओठांवर आलं.

"देवा, माझ्या पोरांसाठी सगळ्यात चांगलं..."

एक हात आला. समोरून. तिच्या तोंडावर. घट्ट.

टॉर्च पडली. अंधार.

हात ऊबदार होता. चित्रांच्या रंगात कालवतात त्या जवसाच्या तेलाचा वास. कानाशी कुणीतरी... रडत होतं. शब्द नाहीत. नुसते हुंदके.

मग हात सुटला.

"घरी आण!" मेव्हिस ओरडली. "दोघांनाही! भिजलेले, मोडलेले, शिव्या देत... कसेही! पण जिवंत आण!"

बादलीत थेंब. टप्... टप्...

पहाटे बचाव-होडीनं दोघांना आणलं. गार्थचा हात मोडलेला. कॉलिन देवाधर्माला शिव्या घालत होता, आणि मेव्हिस त्या शिव्या स्तोत्रासारख्या ऐकत होती. थंडीनं दोघांचेही डोळे मिटत आले होते म्हणे. मध्येच काय झालं कुणास ठाऊक, एकदम दचकून जागे झाले.

घाबरू नकोस, जोसी. आई होती ती, दुसरं कोण?

सकाळी मी वर जाऊन पाहिलं. चित्र तसंच. मुलं निजलेली, आई उभी. रंग वाळून दीडशे वर्षं होत आली. पण तिच्या उजव्या तळव्याला मी बोट लावलं...

अजून ओला होता.