नगारेवाल्याचा कोट

आमच्या धंद्यात माणसावर नाही, टेपवर विश्वास ठेवायचा असतो. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं, टेप काही ओढून घेत नाही. म्हणून सांगतोय ते मोजून सांगतोय.

शाळेत मुलांना जुन्या काळातल्या माणसांचे वेश करून यायचं होतं. वर्गात राण्यांचा सुळसुळाट झाला होता. आमच्या बालवाडीतल्या कन्येला मात्र फौजेपुढे नगारा वाजवत जाणारा शिपाई व्हायचं होतं.

"राणी नुसती बसून असते," ती म्हणाली. विषय संपला.

जुन्या कपड्यांच्या बाजारात लाल लोकरीचा एक कोट मिळाला, धिप्पाड माणसाचा. नाटकातला असेल असं मी धरून चाललो. कापड असं की कात्री लावायला हात धजेना. शहाण्या शिंप्याने जास्तीचं कापून टाकलं असतं. मी ते आत दुमडून टाके घातले. शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो. लहान मुलांच्या कपड्यात ती बोटभर ठेवतात. मी अख्खा माणूस आत ठेवला होता.

पहिल्या फिटिंगला कोट छातीत आवळला. बायको हसली.

"अहो, स्वतःच्या पोरीचं माप चुकलं? कारागीर म्हणे!"

मी कोट काढून टेप लावली. माप बरोबर होतं. तरी टाके उसवून थोडं कापड मोकळं केलं.

पुढच्या फिटिंगला मनगटं बाहेर आली. पुन्हा मोकळं केलं. त्याच्या पुढच्याला बटण तुटून मशीनखाली गेलं. कोट अंगात असला की तोकडा, आणि काढला की समोर माझी तीच चिमुरडी. बायको आता हसत नव्हती.

"दुसरं काहीतरी शिवा," ती म्हणाली.

शिवायला हवं होतं. पण माप जमत नाही म्हणून काम टाकायचं, हे माझ्या स्वभावात नाही.

शेवटच्या फिटिंगला दुकानात दुपारचं लख्ख ऊन होतं. मी गुडघ्यांवर बसून घेराला टाचण्या लावत होतो. तोल सांभाळायला मुलं ठेवतात तसा तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खांदा खाली दबला.

हात रुंद होता. अंगठ्याचं खरखरीत टोक माझ्या मानेला लागत होतं.

"सरळ उभी राहा," मी कसंबसं म्हणालो.

"उभीच आहे, बाबा."

आवाज तिचाच होता. फार वरून येत होता.

मी वर पाहिलं नाही. डोळे मिटून, चाचपडत बटणं सोडली आणि कोट खाली ओढला. मग पाहिलं. बनियनमधली माझी पोर उभी होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती चिडली.

मी भयंकर घाबरलो होतो. तिच्या पहिल्या मापावर खडूने रेघ मारली आणि बाहेरचं सगळं कापायला घेतलं.

"कापू नकोस ना, बाबा. मला लागेल ते."

"कशाला लागेल?"

"मोठी झाल्यावर."

पोरं काहीही बोलतात. मी कापलं आणि तुकडे शेगडीत घातले. कोट तिला चपखल बसला. शाळेत टाळ्या पडल्या.

त्यानंतर तिचं माप बदललं नाही.

बूट लहान झाले नाहीत. बरोबरीच्या पोरी ताडमाड वाढल्या. डॉक्टरांनी हात टेकले. बायको माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं काही चुकत नाही. पोरीला समज मात्र वयाप्रमाणे येत गेली. मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतं.

परवा एक तरुणी लग्नाचे कपडे शिवायला आली. लहानपणीच गाव सोडून गेलेली. बालवाडीत ती आणि माझी मुलगी एकाच डब्यातलं खायच्या. माझ्या मुलीने तिला दारातच ओळखलं. स्टुलावर चढून ती तिच्या खांद्याचं माप घेऊ लागली, तसा त्या तरुणीने तिचा गाल ओढला.

"किती गोड! नाव काय गं तुझं, बाळा?"

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भलतंच नाव सांगितलं, आणि दुसरा खांदा मोजायला लागली.