इंजिनाचं तोंड पूर्वेला

"आधीच सांगून ठेवतो सलिल, यावर तुझा विश्वास बसायचा नाही. आजवर कुणाचा बसला नाही, तू काय मोठा लागून गेलास!" असं म्हणत सुधीरकाकांनी टर्नटेबलचा प्लग भिंतीतून उपटला आणि सलिलच्या हातात दिला. "हा धरून बस. सोडू नकोस."

सलिलला त्यांच्यासारखाच छोट्या रेल्वेचा नाद. माजिवड्याहून तो टेम्पो घेऊन आलेला. काकांची डोंबिवलीतली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. परवा ते आणि लेक देवयानी टिटवाळ्याच्या भाड्याच्या जागेत जाणार, आणि पलंगाएवढं हे रेल्वेचं टेबल काही तिथे मावणार नव्हतं.

काकांच्या गोष्टींना घरात एक कायदा होता. प्रत्येक गोष्टीत थाप एकच, बाकी सगळं खरं. पकडणाऱ्याने ती मोठ्याने सांगायची, की गोष्ट तिथेच बंद. वासंतीकाकू दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच पकडायच्या. त्या गेल्यापासून काकांच्या गोष्टी फार लांबायला लागल्या होत्या.

टेबलाच्या मधोमध ताटलीएवढा गोल खड्डा, त्यावर वीतभर पूल, पुलावर काळं इंजिन. हेच टर्नटेबल; पूल फिरवला की इंजिनाचं तोंड हव्या त्या रुळाला.

"मोटर जुन्या प्रिंटरची, पण मधे वर्म गिअर. मोटरने पूल फिरतो, बोटाने ढकललास तर नाही. बघ ढकलून."

सलिलने ढकलला. पूल ढिम्म.

"काम झालं की पूल आपोआप घरी येऊन थांबतो. खाली लोहचुंबक आहे, सेन्सर आहे. आता प्लग इकडे, म्हणून मी घर ठेवलं इकडे, दक्षिणेला. तुझ्या काकूने कपाळावर हात मारला. म्हणाली, अहो, पुढे दिवा आहे ना त्याला? तिन्हीसांजेला दिव्याचं तोंड दक्षिणेकडे? घरात कोण मेलंय का?"

"मग?"

"मग काय! देवापाशी दिवा लावला की इथे यायची, ओल्या हाताने बटण दाबायची, इंजिन पूर्वेला. शॉक बसेल म्हटलं तर म्हणे, तुमच्या बोलण्याने बसतो त्याहून कमीच बसेल. मी पुन्हा दक्षिणेला आणायचो. संसारात भांडायला काहीतरी लागतं रे."

सलिल हसला. काका हसले नाहीत.

"ती गेली. दिवस झाले, पाहुणे पांगले. इंजिन दक्षिणेला ठेवून मी चहा टाकायला आत गेलो. कप घेऊन आलो तर इंजिन पूर्वेला."

"सेन्सर गंडला असेल, काका."

"बदलला. बटण बदललं. प्रोग्रॅम पुसून नवा टाकला. टेबल कललंय का तेही बघितलं. शेवटी रोज प्लग उपटून ठेवायला लागलो."

"आवाज येतो?"

"तीच तर गंमत. ही मोटर चालली की मिक्सरमध्ये खडा अडकल्यासारखी कुरकुरते. पण संध्याकाळी वळतं तेव्हा चिडीचूप. नुसता वास येतो, तुपातल्या वातीचा. आणि पूर्वेला वळलं की पुढचा दिवा लागतो. बारीक, पिवळा."

सलिलने हातातल्या प्लगकडे पाहिलं. "आणि माझ्याकडे आलं तर?"

काकांना आठवडाभर झोप नव्हती ती याच प्रश्नाने. टेबल माजिवड्याला गेलं तर वासंती तिकडे परक्या घरात जाईल, की टिटवाळ्याला येऊन टेबल शोधत फिरेल? हे त्यांनी देवयानीलाही सांगितलं नव्हतं. घाबरून सलिलच नको म्हणाला असता तर बरं झालं असतं.

खाली पोळीभाजी केंद्रात कसलीशी फोडणी पडली. आत, स्वयंपाकघरातल्या देवघरापाशी, देवयानीने काडी ओढली.

तुपाचा वास आला. आतूनच आला असणार.

"काका," सलिल हळूच म्हणाला, "हे दक्षिणेला होतं ना?"

काकांनी मान डोलावली.

प्लग सलिलच्या मुठीत होता. पूल सरळ पूर्वेला लागला होता.

"दिवा मात्र झकास बसवलाय तुम्ही." सलिलने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. काकूंच्या फोटोखाली रुपयाएवढा पिवळा ठिपका पडला होता. वात हलावी तसा हलत होता.

काकांनी तिकडे मान वळवली नाही.

"बाबा, पकडली!" आतून देवयानी हसत ओरडली. "त्या इंजिनाला दिवा कुठाय? आईला गप्प करायला तो काढून तिच्याच तुटलेल्या माळेतला मणी चिकटवलायत तुम्ही! संपली गोष्ट!"