फुलं टाकायला तोंड कशाला?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे खिदळलेलं मला चालणार नाही. हे ज्याच्यावर बेतलं तो धनेश माझ्या चांगल्या ओळखीचा. भिवंडीत त्याचं वॉकीटॉकी दुरुस्तीचं दुकान होतं. उगाच फुगवून सांगणारा माणूस नव्हे तो. रात्रही सांगतो. सत्तावीस मे, दोन हजार सहा. शनिवार, आणि वर अमावास्या.

वळ गावच्या भाऊंचा त्याला निरोप आला होता, जेवणखाण उरकून गोदामावर ये, रेडिओचं बारीकसं काम आहे. भाऊ म्हणजे दहा-बारा गोदामांचे धनी. धनेशच्या दुकानाचा गाळाही त्यांचाच, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. सोल्डरचं सामान पिशवीत घालून त्यानं स्कूटर काढली.

काम कुठलं असणार, ते तो समजून होता. भाऊंनी हौसेनं दोन माणसांचं छोटं विमान घेतलं होतं. लग्नात मांडवावर वरून फुलं टाकायची, म्हणजे चार गावांत नाव. विमान चालवायचा राकेश, अकलोलीकडच्या पाड्यावरचा पोरगा. उतरायला खारबावजवळ खाडीकाठच्या खाजणात मुरमाची पट्टी केलेली. त्या सोमवारी भाऊंच्या पुतण्याच्या लग्नात फुलं टाकून राकेश परत फिरला. इंजिन आचके देत होतं, दुसरी फेरी मारणं शक्य नव्हतं. आणि पट्टीवर भाऊंचाच टेम्पो आडवा उभा. विमान टेम्पोवर आदळलं. राकेश जागच्या जागी गेला.

भाऊ गावभर सांगत सुटले, "पोरगा पिऊन होता. रेडिओवर एक शब्द बोलला न्हाय. बोलला असता तर टेम्पो हलवला नसता काय?" तिकडे राकेशची आई सखी दारात येईल त्याला एकच सांगत होती, "माजा पोर पीत न्हवता हो." कोण ऐकतंय तिचं!

धनेशला खरं माहीत होतं. लग्नाच्या सकाळीच राकेश हेडसेट घेऊन त्याच्याकडे आला होता. राकेशला सगळं ऐकू यायचं, पण तो बोललेलं खाली कुणाला ऐकू जात नव्हतं. माइकची वायर पिनेपाशी आतून तुटली होती. "पिन मुंबईहून मागवायला लागेल. दोन दिवस उडू नको," धनेश म्हणाला. राकेश कसनुसं हसला. "भाऊ म्हनतो, फुलं टाकायला तोंड कशाला लागतंय?"

गोदामात एकच दिवा होता. खाली मोडकं विमान, एक पंख तुटलेला. सीटखाली झेंडूच्या पाकळ्या सुकून पडलेल्या. भाऊ म्हणाले, "परवा चौकशीचा साहेब येनार हाय. रेडिओ चालू दिसला पायजे." धनेशला हे पटलं का? मुळीच नाही.  पण गाळ्याचा विचार आला आणि त्यानं मान खाली घालून मुंबईहून आलेली पिन बसवली.

त्यांच्या धंद्यात एक रीत असते. हेडसेट या सीटवरून काढून त्या सीटवर लावून बघायचा. खोड हेडसेटबरोबर गेली तर हेडसेटची, सीटपाशी राहिली तर सीटची. धनेश दोन्ही सीटवर बसून बोलला. भाऊंच्या हातातल्या वॉकीटॉकी सेटवर आवाज खणखणीत आला.

"त्या दिवशी ह्योच सेट माज्या कमरंला होता," भाऊ सहज बोलून गेले. "सारखी खरखर थांबायची, परत चालू. नुसता वैताग. मंग बंदच करून टाकला."

धनेशला लगेच उमगलं. विमानात बोलायचं बटण दाबलं की खालच्या सेटची खरखर थांबते. माइक तुटलेला असला तरी थांबते. म्हणजे राकेश बटण दाबत होता. पुन्हा पुन्हा. पट्टी मोकळी करा म्हणून ओरडत होता.

"सरक, मी बघतो," म्हणत भाऊंनी सेट धनेशच्या हातात दिला आणि राकेशच्या सीटवर बसले. हेडसेट चढवला. बटण दाबलं.

धनेशच्या हातातल्या सेटची खरखर थांबली. आवाज मात्र आला नाही.

"दुसऱ्या सीटवर बसा, भाऊ."

भाऊ सरकले. बटण दाबलं. खरखर थांबली. आणि...

काही नाही.

धनेशनं हेडसेट स्वतः लावला. "हॅलो." खणखणीत. परत भाऊंना दिला. परत काही नाही. खोड ना हेडसेटची, ना सीटची.

मग भाऊंचा चेहरा बदलला. ते काहीतरी ऐकत होते. डोळे मोठे झाले. मान नाही, नाही अशी हलायला लागली. दोन्ही हात हेडसेटवर गेले. ओढत होते. निघत नव्हता.

तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा फुगल्या. माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता... चार हातांवर उभ्या धनेशला ऐकू येत नव्हतं. सेटवर नाही. कानांनी नाही.

बटणावर कुणाचाच हात नव्हता.

तरी खरखर थांबलेलीच...

धनेशनं बॅटरीची वायर उपटली. हेडसेट आपोआप गळून पडला. भाऊ जिवंत होते, शुद्धीवर होते. वाचा तेवढी गेली.

डॉक्टरांनी घशात नळ्या घालून पाहिलं, सगळं ठीक होतं. सोमवारी साहेबानं विचारलं, पायलटनं आवाज दिला होता का? भाऊंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तेव्हा धनेश पुढे झाला, राकेशनं सकाळी काय आणलं होतं, आपण रात्री काय बदललं, सगळं सांगून मोकळा झाला. गाळा गेला त्याचा. पण सखीच्या दारात जाऊन "तुझा पोर प्यायला नव्हता" असं लोकांना म्हणावं लागलं.

भाऊ अजून आहेत. सकाळी वळच्या नाक्यावर चहाला येतात. टपरीवर रेडिओ लावलेला असतो. भाऊ काही सांगायला तोंड उघडतात, आणि चालू गाणं बंद पडतं. ओठ हलतात तेवढा वेळ रेडिओ गप्प. तोंड मिटलं की गाणं पुढे सुरू.

चहावाल्यानं दोनदा रेडिओ बदलून पाहिला.