घंटा खाली येईपर्यंत

वीज गेली ना? जाऊ दे, येईल तेव्हा येईल. एफुआ, तो बाक इकडे ओढ आणि बस. तुम्हीही बसा रे पोरांनो, आणि फोनचे दिवे विझवा, डासांना आमंत्रण कशाला देताय? उद्यापासून आमच्या एफुआबाई विद्यापीठाच्या ग्रंथालयात वरिष्ठ सहायक होणार. संध्याकाळची सगळी पाळी तिच्या हाताखाली. आणि मघाशी मला विचारते काय, "पापा, त्या जुन्या घंटेचं एवढं काय कौतुक? भोंगा बसवला की काम झालं."

बसव बाई, भोंगा बसव. पण आधी ऐकून घे. मी त्याच इमारतीत फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावता लावता म्हातारा झालो. आता सांगतोय ते एको एसुमानच्या बाबतीत घडलं, आणि त्यानं स्वतः मला सांगितलं, इथेच, याच ओसरीवर. खोटं वाटलं तर उठून जा. पण एकटीनं जा.

ग्रंथालय रात्री दहाला बंद होतं. एक जण दारापाशी स्टुलावर बसतो, बाहेर पडणाऱ्यांवर लक्ष ठेवायला. दुसरा पितळी घंटा घेऊन थेट तिसऱ्या मजल्यावर जातो आणि वाजवत वाजवत एकेक मजला खाली येतो. कपाटांमधल्या बोळांत बघायचं, कोपऱ्यातल्या अभ्यासिकांत डोकवायचं. परीक्षा आली की पोरं वहीवर डोकं टेकून मेल्यासारखी झोपतात. सगळे बाहेर पडले की घंटा दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायची. मगच किल्ली फिरते. घंटा खाली आल्याशिवाय दार लागत नाही.

हा नियम पापा आर्कोफुलचा. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला पापाच म्हणतात, मला म्हणता तसं. म्हातारा वर्षानुवर्षं वरिष्ठ सहायक होता. एका रात्री घंटा खाली येईना. दारावरचा माणूस थांबला, थांबला, शेवटी वर गेला. तर पापा तिसऱ्या मजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या कपाटाला टेकून बसलेला, घंटा मांडीवर. हृदय बंद पडलं होतं. पण दारावरचा माणूस थांबला म्हणून म्हातारा निदान रात्रभर कुलपात पडून राहिला नाही. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, पापा अजून फेरी मारतो. रात्री आतून घंटा ऐकू येते. खरं-खोटं देव जाणे, पण अंधार पडल्यावर त्या भिंतीजवळून कोणी चालत नसे.

तर एको तिथे साधा सहायक होता. त्याचा जिवलग दोस्त कोबिना ओटू, तोही सहायक. दोघं एकाच पानातली केंकी, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा तो उकडलेला गोळा, खाणारे, एकच मासा अर्धा अर्धा करणारे. चार वर्षांपूर्वी वरिष्ठ सहायकाची जागा रिकामी झाली. जागा एक, उमेदवार दोघं. मुलाखत शनिवारी सकाळी. एकोच्या आईनं तर एल्मिनातल्या आख्ख्या चर्चला सांगून टाकलं होतं, माझा मुलगा मोठा साहेब होतोय म्हणून. पोरगा कामाला होताच तसा. कुठलं पुस्तक चुकून कुठल्या कपाटात जाऊन बसतं, कुठल्या नव्या मुलीला रात्रीच्या पाळीला घरापर्यंत सोबत लागते, सगळं त्याच्या डोक्यात.

गुरुवारी संध्याकाळी दोघं इथे बसून तयारी करत होते. कोबिनाचं घोडं अडलं.

"विचारलं की वरिष्ठ सहायकाची पहिली जबाबदारी काय, तर काय सांगू रे?"

"पुस्तकं म्हणू नकोस," एको म्हणाला. "सगळे तेच म्हणतात. म्हण, आत असलेला माणूस. घंटा खाली येईपर्यंत दार लावायचं नाही, हीच पहिली जबाबदारी."

"वा गुरुजी! फी किती?"

"जागा मिळाली तर मासा पूर्ण मला."

हसले दोघं. मीही हसलो. आता ते आठवलं की जीव जळतो.

शुक्रवार. डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. हरमॅटन सुटलेला, वाळवंटाची धूळ घेऊन येणारा तो कोरडा वारा. ओठ फुटत होते, घशात माती. पोरं लवकरच वसतिगृहात पळालेली. नव्या सहायकाला कोबिनानं आधीच घरी पाठवलं होतं. एको फेरी संपवून खाली आला, घंटा खिळ्याला अडकवणार, तेवढ्यात स्टुलावरून कोबिना म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरची खिडकी लागलीय ना? वर्तमानपत्रांवर धूळ बसली तर उद्या मुलाखतीत तेच काढतील."

"लावलीय वाटतं."

"वाटतं? जा, बघून ये गड्या. मी आहे ना इथे."

मी आहे ना इथे. असं म्हणाला तो.

एको घंटा हातात घेऊनच पुन्हा वर गेला. खिडकी लावलेली होती. कडीसुद्धा घातलेली. तो स्वतःशीच हसला आणि वळला. दुसऱ्या मजल्यावर पोचला आणि दिवे गेले. वीज गेली असेल म्हणून चाचपडत खाली आला. स्टूल रिकामं. दाराला बाहेरून कुलूप. आपल्याकडे कर्मचारीही पिशवी आणि फोन दारामागच्या फळीवर ठेवतात, तुम्हाला ठाऊकच आहे. फळीवर हात फिरवला. फळी रिकामी.

"कोबिना?"

"कोबिना, मी आत आहे रे!"

त्याला वाटलं, लघवीला गेला असेल. मग वाटलं, थट्टा करतोय. माणूस कुठवर स्वतःची समजूत काढणार? मागचा जिना कोबिनानंच महिन्यापूर्वी कुलूप घालून बंद केलेला. खिडक्यांना गज. एकोनं गजांतून घंटा बाहेर काढली आणि वाजवली. जीव खाऊन वाजवली. ओरडला. रात्रपाळीचा पहारेकरी इसाका कंपाउंडपाशी होता. त्याला ऐकू गेलं. आणि इसाकानं काय केलं? ताबीज मुठीत धरलं आणि पलीकडच्या फाटकावर जाऊन बसला.

"का म्हणून?" मी त्याला नंतर खडसावलं.

"पापा, कोबिनानंच जाताना सांगितलं होतं. म्हणाला, आज पापा आर्कोफुल गेला ती तारीख. म्हातारा घंटा वाजवेल, हाका मारेल. काही झालं तरी जवळ जाऊ नकोस."

कळलं? याला म्हणतात केसानं गळा कापणं. कुलूप लावलं ते लावलं, वर माणसाच्या हाकेला भुताची हाक करून टाकली.

एको वाजवत राहिला. हात भरून आले. घसा बसला. शेवटी थांबला.

आणि वर घंटा वाजली.

घंटा इमारतीत एकच. ती एकोच्या हातात.

तिसरा मजला. दोन टोल, मग थांबा. दोन टोल, मग थांबा. पापा आर्कोफुल तशीच वाजवायचा. मग चपला. फरपटत. कपाटांच्या एका बोळातून दुसऱ्या बोळात. सावकाश. कोणी राहिलंय का बघत असावं तसं.

दुसरा मजला. दोन टोल. थांबा.

एको टेबलाखाली शिरला.

पहिला मजला.

जिना.

चपला जिन्यावरून उतरल्या. त्याच्या समोरून गेल्या. काही दिसलं नाही. फक्त थंड हवा. हरमॅटनमध्ये थंड, ओली हवा... मग दारापाशी स्टूल करकरलं. कोणीतरी बसलं.

किती वेळ, देव जाणे. ते बसून होतं. वाट बघत होतं. आणि एकोच्या लक्षात आलं, कशाची. घंटा अजून खिळ्याला नव्हती. तो गुडघ्यांवर रांगत गेला. स्टुलाच्या बाजूनं. हात वर केला. घंटा अडकवली.

बाजूला कोणीतरी लांब श्वास सोडला.

आणि विचारलं,

"दार कोणी लावलं?"

एकोनं पाठ भिंतीला टेकवली.

"दार... कोणी लावलं?"

"कोबिनानं," एको म्हणाला. "कोबिना ओटूनं."

मग काही नाही. सकाळपर्यंत स्टूल करकरलं नाही. पण एको मला म्हणाला, "पापा, रात्रभर बाजूला कोणीतरी होतं. खोटं कशाला बोलू, मला आधारच वाटला. ज्यानं थांबायचं तो गेला आणि ज्याच्याशी काही नातं नाही तो बसून राहिला."

सफाईवाल्या बायकांनी येऊन दार उघडलं तेव्हा ऊन चढलं होतं. पलीकडच्या मुख्य कचेरीतली मुलाखत आटोपली होती. मी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून तिथे कोपऱ्यात होतो. कोबिना इस्त्रीच्या शर्टात. म्हणाला, एको मागे हटला, गावी गेला. साहेबांनी विचारलं, वरिष्ठ सहायकाची पहिली जबाबदारी कोणती? कोबिना म्हणाला, "आत असलेला माणूस, सर. घंटा खाली येईपर्यंत दार लावायचं नाही." साहेबांनी टेबलावर थाप मारली. वा, म्हणाले. जागा त्याला मिळाली.

दुपारी तो एकोची पिशवी आणि पानातली केंकी घेऊन आला. मासा पूर्ण.

"अरे, मला वाटलं तू मागच्या जिन्यानं गेलास."

एकोनं पिशवी काढून घेतली. "मागच्या जिन्याला तूच कुलूप घातलंयस."

"विसरलो रे गड्या. माणूस विसरतो. आईशप्पथ."

"तू विसरला असतास तर माझी पिशवी फळीवरच राहिली असती," एको म्हणाला. केंकी तशीच ठेवून तो उठला. त्यानं तक्रार केली नाही. मी कर म्हणालो, तर म्हणाला, "कशाची करू? खिडकी बघायला पाठवलं याची?" आईला त्यानं सांगितलं की आपण नापास झालो. म्हातारी चर्चला जायची बंद झाली. मला त्याचंच जास्त लागलं.

जानेवारीपासून कोबिना स्टुलावर. पहिल्या रात्री नवा सहायक घंटा वाजवत खाली आला, खिळ्याला अडकवली. कोबिनानं किल्ली घातली. आणि थांबला.

"वर कोण वाजवतंय?"

"कोणी नाही सर. घंटा ही काय."

"वर घंटा वाजतेय!"

पोराला काही ऐकू येत नव्हतं. कोबिनाला येत होतं. दोन टोल, मग थांबा. रोज रात्री. घंटा खिळ्याला, आणि घंटा वर. आणि नियम तर त्यानंच सगळ्यांसमोर सांगितलेला. दार लावता येईना. पहाटेपर्यंत स्टुलावर बसून राहायचा, डोळे लाल. शेवटी एका संध्याकाळी सांडशीनं त्यानं घंटेचा आतला लोलक उपटून काढला आणि समुद्रात भिरकावला. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी पाहिलं. म्हणाले, साहेब काहीतरी फेकून पळत सुटला.

त्याच रात्री त्यानं सहायकाला घरी पाठवलं. किल्ली बाहेरून कुलपात तशीच लोंबत ठेवली आणि विजेरी घेऊन स्वतः वर गेला.

इसाका फेरीवर होता. दार अर्धवट उघडं, किल्ली कुलपात, आत काळोख. त्याला वाटलं, विसरले बिचारे. त्यानं दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. थोड्या वेळानं आतून हाका सुरू झाल्या. "दार उघडा! मी कोबिना! मी आहे आत!"

इसाकानं ताबीज मुठीत धरलं आणि पलीकडच्या फाटकावर जाऊन बसला. त्याला तेच तर शिकवलं होतं.

नाही एफुआ, एको तिथे नव्हता. तो एल्मिनात मावशीच्या अंत्यविधीला होता, आख्ख्या गावानं पाहिलं. आणि हो, ती जागा नंतर त्यालाच देऊ केली होती. नको म्हणाला. "मला भुताची भीती नाही, पापा," म्हणाला, "पण आता कोणी 'मी आहे ना इथे' म्हटलं की माझे पाय उचलत नाहीत." आता एल्मिनात शाळेत शिकवतो.

सकाळी किल्ली घेऊन इसाका माझ्याकडे आला, म्हणून मीच त्याच्याबरोबर दार उघडायला गेलो. कोबिना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. जिवंत होता. अजूनही आहे, आईकडे राहतो. जेवतो, खातो, पण घराचं दार कोणाला लावू देत नाही. त्या सकाळी मात्र एकच बोलत होता. "मी म्हटलं, दार उघड. स्टुलावरून म्हणाला, घंटा कुठाय? मी म्हटलं, खिळ्याला आहे. तो म्हणाला... वाजव."

"मग?"

"वाजव, म्हणाला. रात्रभर. वाजव... वाजव..."

इसाका त्याला धरून बाहेर घेऊन गेला. मी एकटा दारापाशी उरलो. खिळ्याला घंटा होती. मी ती उतरवली आणि हातात धरली, तर वाजली.

आत लोलक होता. हरमॅटनचे दिवस, पोरांनो. भिंती तडकत होत्या, पुस्तकांचे कागद पापडासारखे वाजत होते. आणि त्या लोलकावरून पाणी ठिबकत होतं माझ्या मनगटावर. मी ते जिभेला लावलं.

खारट होतं.